शेगडीपासून लांब

२०२५ ची दिवाळी संपता संपता आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर भाच्याने एक बातमी टाकली. मथळ्याचा अर्थ असा की सूर्याचं ऐंशी वर्षांचं कोडं अखेर सुटलं. खाली लगेच अंगठे, जोडलेले हात, आणि 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं' असा एक शेरा. (तो कोणाचा, हे घरच्यांना सांगायला नको.) मी चष्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली. आत लिहिलं होतं की कोडं सुटायला मदत होईल. म्हणजे मथळ्यात सुटलं आणि पोटात सुटायचं आहे. माझ्या हिशेबाने हे कोडं असं चार-पाच वेळा तरी सुटलेलं आहे.

या कोड्याचं आणि माझं एक जुनं देणं आहे, म्हणून हा लेख. मी मराठी-इतिहास शिकवणारा बी.ए. मास्तर. भौतिकशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की विज्ञानाचे सर रजेवर गेले की नववीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. तेव्हा जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात, रागावू मात्र नये.

गोष्ट आहे १९९५ ची. २४ ऑक्टोबरला खग्रास सूर्यग्रहण होतं, तेही दिवाळीच्या अमावास्येला. काही हौशी मंडळींबरोबर मी फत्तेपूर सिक्रीला गेलो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवरा घरी नाही, यावरून सौ. किती दिवस बोलत नव्हती ते लिहीत नाही. पण सकाळी साडेआठच्या सुमारास जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मिनिटभरसुद्धा नाही. काळी तबकडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना लांबवर पसरलेला मोत्यासारखा उजेड. तो सूर्याभोवती रोज असतो. पण खुद्द सूर्याच्या झगमगाटापुढे त्याचा पाड लागत नाही, सगळा मिळून तो पौर्णिमेच्या चंद्राइतकाच. त्याला इंग्रजीत करोना म्हणतात. २०२० नंतर हा शब्द उच्चारला की लोक मास्क शोधायला लागतात, म्हणून मी आपला प्रभामंडळ म्हणतो.

सुट्टी संपल्यावर नववीच्या वर्गात मी फुशारकीने सगळं सांगितलं. बरोबरच्या मंडळींकडून ऐकलेले आकडेही सांगितले. सूर्याचा जो भाग आपल्याला दिसतो त्याचं तापमान साडेपाच हजार अंश, आणि त्या बाहेरच्या प्रभामंडळाचं दहा लाखांच्या वर! पोरांनी 'आऽऽ' केलं. मी खूश. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. अभ्यासात बेताचा. म्हणाला, "सर, आमच्या घरी शेगडीपासून लांब सरकलं की शेक कमी लागतो. मग सूर्यापासून लांब गेल्यावर जास्त कसा?"

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, "परीक्षेला येणार नाही ते. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. पुढे वर्षभर त्याने काही विचारलं नाही, निदान मला तरी नाही.

मला माहीत नव्हतं याचं वाईट वाटत नाही. त्या दिवशी मला हेही माहीत नव्हतं की जगात कोणालाच नीट माहीत नाही, आणि त्या पोराने थेट त्याच ठिकाणी बोट ठेवलं होतं! 'अरे, हे मोठमोठ्यांना अजून उलगडलेलं नाही' एवढं वाक्य माझ्याकडे असतं तर तो मुलगा त्या दिवशी कसा बसला असता, हा विचार गेली तीस वर्षं अधूनमधून येतो.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि जालावर वाचायची सोय झाली. सुरुवातीला माझा पहिला प्रश्न वेगळाच होता. दहा लाख अंश हे मोजलं कोणी? तिथे थर्मामीटर घेऊन कोण गेलं होतं?

ही कथा थेट आपल्याकडून सुरू होते म्हटलं तरी चालेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून जमखंडी, विजापूर अशी गुंटूर-मछलीपट्टणकडे गेली. जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट दुर्बीण लावून बसला होता, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली, ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. तिच्यावरून पुढे हेलियम हे नाव आलं. इथे एक कबुलीजबाब. शाळेची सहल विजयदुर्गाला नेली की 'साहेबाचे कट्टे' दाखवून मी पोरांना ठणकावून सांगायचो की लॉकियरसाहेबाने इथे बसून हेलियम शोधला. सगळेच सांगतात. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, आणि त्याने ती रेघ दोन महिन्यांनी तिकडूनच, ग्रहण नसताना पाहिली. माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांच्या डोक्यात ते कट्टे अजून आहेत कोण जाणे.

पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १८६९ ला, अमेरिकेतून ग्रहण दिसलं. यंग आणि हार्कनेस या दोघांनी वेगवेगळं पाहून प्रभामंडळात एक हिरवी रेघ टिपली. तीही अनोळखी. मग तिच्यासाठीही एक नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं, 'कोरोनियम'. हेलियम १८९५ मध्ये पृथ्वीवर सापडला. कोरोनियम काही सापडेना. सत्तर वर्षं लोक शोधत राहिले. शेवटी १९३९ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी छडा लावला. हिरवी रेघ कुठल्या नव्या पदार्थाची नव्हती, ती साध्या लोखंडाची होती! पण कशा लोखंडाची? सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा, म्हणजे बरोबर निम्मे, ओरबाडून काढलेले. लोखंडाच्या अणूची इतकी दैना व्हायला तापमान वीस लाख अंशांच्या आसपास लागतं. हेच ते थर्मामीटर.

मला या दोन रेघांची गोष्ट फार आवडते. पद्धत एकच, माणसं त्याच तोडीची, तर्कही सारखाच. एकदा बरोबर निघाला, एकदा चुकला. आणि जो चुकला त्यातून जास्त मोठा प्रश्न हाती आला.

इतक्या तापल्या जागी यान जातं ते वितळत कसं नाही, असं आमची धाकटी पुतणी विचारते. त्याला दिवाळीचाच दाखला पुरतो. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात असते, पण हातावर पडली तर नुसती टोचते. ठिणगीत तापमान आहे, पण ऐवज नाही. प्रभामंडळ आपल्या हवेपेक्षा हजार कोटी पटींहून अधिक विरळ आहे. कण भयंकर वेगात, पण मोजके. नासाचं पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. त्याच्यापुढे साडेचार इंच जाडीची ढाल आहे, चौदाशे अंशांपर्यंत सोसेल अशी, आणि ढालीमागची यंत्रं तीसएक अंशांत, आपल्या ओसरीवर बसल्यासारखी.

याच विरळपणामुळे कोड्याला एक गंमतीची बाजू आहे. प्रभामंडळ तापतं ठेवायला फारशी ऊर्जा लागतच नाही. सूर्याच्या दर चौरस मीटरमधून सहा कोटी वॉटहून अधिक प्रकाश बाहेर पडतो. प्रभामंडळाच्या शांत भागाला त्यातले तीनएकशे वॉट पुरतात. दोन लाखांच्या व्यवहारात एक रुपया. (डागांच्या वरचे भाग मात्र खादाड, त्यांना दहा हजार वॉट लागतात.) तेव्हा सूर्याजवळ देण्यासारखं किती आहे हा प्रश्नच नाही. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे नववीचं पोरही सांगतं. मग तो एक रुपया वर कसा पोचतो, आणि पोचल्यावर वटतो कसा?

इथे त्या मुलाची पुन्हा गाठ पडली.

दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या बोअरची मोटर जळाली. शेजाऱ्याने तालुक्याच्या गावातलं एक रिवाइंडिंगचं दुकान सुचवलं. मोटर रिक्षात घालून घेऊन गेलो. दुकानदार, चाळिशी ओलांडलेला, कॉइल भरत बसलेला. वर पाहिलं आणि उठून उभा राहिला. "सर, ओळखलंत का?" मला नाव आठवलं नाही, पण उभं राहण्याची ढब आठवली. चहा आला. मी न राहवून म्हणालो, "अरे, तू एकदा शेगडीचा प्रश्न विचारला होतास." तो हसला. "आठवतोय की. तुम्ही बस म्हणालात." मग मी जे वाचलं होतं ते सांगायला लागलो, उष्णता थंडाकडून गरमाकडे जात नाही वगैरे. त्याने सोललेली तांब्याची तार बोटात धरलेली होती. म्हणाला, "पण सर, शेगडीचं सोडा. बल्बचं बघा. डांबावरून येणारी तार गार असते, आणि तिच्या टोकाला बल्ब चटका देतो. उष्णता तारेतून येत नाही, करंट येतो. गरम व्हायचं ते बल्बात होतं."

तीस वर्षं वाचून मला जे एका वाक्यात मांडता आलं नव्हतं ते त्याने चहा संपायच्या आत मांडलं. ऊर्जा दुसऱ्या रूपात वर जाते आणि जागेवर पोचून तिची उष्णता होते. शास्त्रज्ञांचं सगळं भांडण आहे ते ही 'तार' कुठली आणि 'बल्ब' कुठला याबद्दल.

पहिला तर्क आवाजाचा होता. सूर्याचा पृष्ठभाग भाताच्या आधणासारखा सतत उकळत असतो. एकेक बुडबुडा हजारएक किलोमीटरचा, दहाएक मिनिटांत फुटणारा. त्या खदखदीतून ध्वनीच्या लहरी उठत असणार, त्या वर जाऊन फुटत असणार आणि तापवत असणार, असं १९४८ च्या सुमारास श्वार्त्सशिल्ड वगैरेंनी मांडलं. सूर्य खरोखरच दर पाच मिनिटांच्या तालाने हलतो, हे १९६० च्या सुमारास दिसलंही. (सूर्यातून ॐकार ऐकू येतो आणि नासाने तो ध्वनिमुद्रित केला आहे, हा जो निरोप आमच्या गटावर दर संक्रांतीला फिरतो त्याचं मूळ बहुधा असल्याच कशात तरी असावं. मधल्या पोकळीतून आवाज येत नाही, हे मी दर संक्रांतीला लिहितो.) पण पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं की ध्वनीलहरी खालच्या थरांतच बहुतेक खर्ची पडतात. वरपर्यंत पुरेसं काही पोचत नाही.

दुसरी तार चुंबकाची. सूर्यातून चुंबकीय बलरेषा बाहेर येतात, कमानीसारख्या वळून पुन्हा आत जातात. काही उघड्याच अवकाशात निघून जातात. तिथला वायू विद्युतभारित असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि तो या रेषांना चिकटल्यासारखा वागतो. स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये एका पानाच्या टिपणात दाखवलं की मग ही बलरेषा तंबोऱ्याच्या तारेसारखी वागेल. रेषेचा ताण आणि तिला चिकटलेल्या वायूचं वजन, त्यामुळे खाली छेडलं की लहर वर धावत जाईल. १९४७ मध्ये त्यांनीच या लहरी प्रभामंडळ तापवत असतील असंही सुचवलं. प्रभामंडळात ही लहर सेकंदाला हजारएक किलोमीटर वेगाने जाते. आल्फव्हेनना १९७० चं नोबेल मिळालं. बलरेषांचे पाय त्या उकळत्या आधणात रोवलेले, तेव्हा तारा छेडायला कोणी वेगळा वादक लागत नाही.

अमेरिकेचे यूजीन पार्कर वेगळं म्हणत. आधणामुळे बलरेषांचे पाय हळूहळू इकडेतिकडे सरकतात, वेणी घातल्यासारख्या रेषा एकमेकींत गुंततात, ताण साठतो. मग कुठेतरी रेषा तुटून दुसऱ्याच जोडीने जुळतात आणि तिथे भडका उडतो. असे असंख्य बारीक भडके सतत उडत असतील, त्यांना त्यांनी १९८८ मध्ये नॅनोफ्लेअर म्हटलं.

हे मी दुकानात सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लूज कनेक्शन." मी घरी येऊन हसत होतो, कारण शास्त्रज्ञही या दोन गटांना खरोखर एसी आणि डीसी म्हणतात! पाय भराभर हलवले तर लहर जाते, ते एसी. सावकाश पिळले तर ताण साठतो, ते डीसी.

पार्कर यांच्याबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सूर्यापासून सतत वारा वाहतो असा त्यांचा निबंध होता, तो दोन्ही परीक्षकांनी नापसंत केला. ज्या नियतकालिकाकडे गेला होता त्याचे संपादक आपले चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटलेली नव्हती. पण गणितात चूक सापडली नाही, म्हणून त्यांनी १९५८ मध्ये तो छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने वारा मोजला. मी तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. मला न पटलेलं पण चूक न सापडलेलं उत्तर मी किती वेळा कापलं असेल, याचा हिशेब करायला नको वाटतो. चंद्रशेखर ऑगस्ट १९९५ मध्ये गेले, मी पाहिलेल्या त्या ग्रहणाच्या दोन महिने आधी.

तर आल्फव्हेनच्या तारेत एक खोट होती. ती फार चांगली तार आहे. लहर तिच्यावरून बिनधोक निघून जाते, वाटेत फारशी खर्चच होत नाही. डांबावरची तार गार राहते ते ठीक, पण मग बल्ब कुठाय? ओझं वर नेणारा हमाल मिळाला, पण तो ओझं खाली ठेवायलाच तयार नाही.

याचं उत्तर म्हणून आज बहुतेकांचा भरवसा आहे तो खळबळीवर. परिभाषेत संक्षोभ. ओढ्याला पाणी संथ असलं की पान तरंगत लांबवर जातं. दोन प्रवाह समोरासमोर आले की भोवरे होतात, मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान, आणि शेवटी इतके बारीक की गतीच उरत नाही, ती उष्णतेत जिरते. पाणी घुसळलं की किंचित तापतं, हा जूलचा प्रयोग आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. चुंबकीय लहरींचंही असंच. एकाच दिशेने जाणाऱ्या लहरी एकमेकींना त्रास देत नाहीत. समोरून येणाऱ्या लहरीला भिडल्या की त्यांचे तुकडे होऊ लागतात. ताक घुसळताना रवी एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरते, ती नुसती एकाच दिशेला फिरवून लोणी येत नाही.

मोटर न्यायला गेलो तेव्हा हे सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "कमानीचं कळलं सर, दोन्ही पाय सूर्यातच आहेत, दोन्हीकडून लहर येणार. पण ज्या रेषा उघड्या आहेत म्हणता, त्यांना रिटर्न कुठला? समोरून येणार कोण?"

या वेळी मी 'बस खाली' म्हणालो नाही. म्हणालो, शोधून सांगतो. महिनाभर वाचून सापडलं ते असं. वर जाताना वायू झपाट्याने विरळ होत जातो, त्यामुळे लहरीचा वेग बदलत राहतो, आणि वेग बदलला की लहरीचा थोडा भाग उलटा फिरतो. विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत यावा तसा. ही परतलेली लहर मागून येणाऱ्या लहरींना भिडते आणि खळबळ सुरू होते. परतायलाही हद्द आहे. एका अंतरापलीकडे सूर्याचा वाराच लहरीपेक्षा वेगवान होतो, मग कुठलीच लहर सूर्याकडे परतू शकत नाही. पार्कर यानाने ही हद्द पहिल्यांदा २८ एप्रिल २०२१ ला ओलांडून आत प्रवेश केला, सूर्यापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर. पार्कर तेव्हा हयात होते. मार्च २०२२ मध्ये, ९४ व्या वर्षी गेले. जिवंत माणसाचं नाव नासाने यानाला दिलं ते हे पहिलंच.

खळबळीचा आणि लहरींचा एक जुना पुरावा तर मला फारच चमत्कारिक वाटतो. मी ग्रहण पाहून आलो त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, डिसेंबर १९९५ मध्ये, सोहो यान सुटलं. त्याने उघड्या रेषांच्या भागात ऑक्सिजनचे कण तपासले, तर ते दहा कोटी अंशांच्या वर! शेजारचे इलेक्ट्रॉन मात्र दहा लाखांच्या आसपास. एकाच हवेत राहून एवढा फरक? साध्या शेगडीने असं होत नाही, ती सगळ्यांना सारखं तापवते. पण कण बलरेषेभोवती ज्या तालाने फिरतो तोच ताल लहरीचा असला, तर दर फेऱ्याला त्याला झोका मिळतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसा. ज्यांचा ताल जुळला ते वर गेले, बाकीचे राहिले.

आणि २०२५ ची ती बातमी? हवाई बेटांतल्या माउईवर चार मीटर आरशाची, फक्त सूर्यासाठी असलेली दुर्बीण आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे रिचर्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून प्रभामंडळातल्या लोखंडाच्या रेघा पाहिल्या. रेषेच्या एका कडेला रेघ तांबड्याकडे सरकलेली, दुसऱ्या कडेला निळ्याकडे. म्हणजे एक कड आपल्यापासून दूर जाते आहे, दुसरी जवळ येते आहे, म्हणजे रेषा स्वतःभोवती पिळली जाते आहे, एकदा इकडे, एकदा तिकडे. रवीच म्हणा ना. याआधी २००७ पासून रेषा आडव्या हेलकावताना दिसल्या होत्या, पण हा बारीक पीळ प्रभामंडळात प्रत्यक्ष दिसला तो आता. फार मोठं काम आहे. पण लहरी आहेत हे दिसणं वेगळं, आणि त्याच तापवतात हे सिद्ध होणं वेगळं. मॉर्टन यांच्या निबंधात हा फरक पाळलेला आहे. मथळ्याने तो खाल्ला.

माझं वैयक्तिक मत विचाराल, आणि एका मराठीच्या मास्तराच्या मताला इथे काय किंमत ते मला ठाऊक आहे, तर उघड्या रेषांच्या आणि शांत भागांत लहरी आणि खळबळ, डागांवरच्या खादाड कमानींत पार्करचं लूज कनेक्शन, असं वाटून दिलेलं असावं. खळबळ दोन्हीकडे असणार, कारण वेण्या तुटल्या तरी भोवरे होतातच. २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यानाला सूर्यावर जागोजाग बारीक भडके दिसले, शास्त्रज्ञांनी त्यांना कौतुकाने शेकोट्या म्हटलं. तेव्हाही कोडं सुटलं होतं.

मथळे लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो विज्ञानासाठी नाही. 'सुटलं' म्हटलं की वाचणारा पान उलटतो. दर वेळी 'सुटलं' म्हणून फसवल्यावर मग त्याच माणसाला वाटतं की यांचं काही खरं नसतं, दरवर्षी नवीन सांगतात. आणि तो ॐकाराकडे वळतो.

राग धरायचा तर आधी स्वतःवर धरायला हवा. माझ्या काळच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असे, त्याचं उत्तर धड्यातच असे. 'हे अजून कोणाला माहीत नाही' असं एकही पान मी शिकवलं नाही. माझं म्हणणं आहे की असं एक पान प्रत्येक इयत्तेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असावं. हे मी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर बोललो तेव्हा विज्ञानाचेच एक माजी सर उसळले. म्हणाले, मुलं गोंधळतील, पेपरात त्याला गुण कसे द्यायचे, आणि आईबाप येऊन विचारतील की तुम्हाला येत नाही म्हणून सांगता काय. शेवटच्या मुद्द्यात दम आहे हे कबूल. मीही त्या दिवशी त्याच भीतीने 'बस' म्हणालो होतो. पण मुलं गोंधळतात हे मला पटत नाही. मागच्या बाकावरचा तो पोरगा गोंधळला नव्हता, मी गोंधळलो होतो. गुणांचं म्हणाल तर नकोत गुण. एक पान बिनगुणांचं असू द्या की.

आता तर हाताशी घरचं उदाहरण आहे. आपलं आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. त्यातल्या एका उपकरणाची घडण पुण्याच्या आयुकात झाली. बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेचं दुसरं उपकरण कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडळ पाहतं, आणि ज्या रेघांवर नजर ठेवतं त्यांतली एक तीच, १८६९ ची, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची हिरवी रेघ.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. त्याची मुलगी आता नववीत आहे, ती स्पीकरवर ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आजोबा, सूर्यावर एवढं चुंबक आलं कुठून? लोखंड तापवलं की त्याचं चुंबक जातं ना?"

मी वही काढली आहे. चू.भू.द्या.घ्या.